जिवाणूंचं आंबोण

धार काढायच्या आधी दुभत्या जनावरापुढे आंबोण ठेवायची रीत महाराष्ट्रातल्या गोठ्यांत जुनी आहे. सरकीची पेंड, तुरीची चुणी, गव्हाचा कोंडा, जे हाताशी असेल ते पाण्यात भिजवायचं आणि पुढ्यात ठेवायचं. म्हैस कितीही चांगल्या जातीची असली तरी आंबोण चुकलं की दूध आटतं, हे गोठ्यात वावरणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. प्रतिजैविकं तयार करणाऱ्या कारखान्यात लाखभर लिटरच्या पोलादी टाक्यांमध्ये जे ओततात, त्याची यादी या आंबोणाशी चकित व्हावं इतकी जुळते. सोयाबीनच्या पेंडीचं पीठ, सरकीचं पीठ, मक्याचा स्टार्च, मका भिजवून उरलेलं दाट पाणी, थोडं तेल, थोडं मीठ, थोडी चुनखडी. इथे खाणारा जीव म्हणजे मातीतला जिवाणू, आणि त्याच्याकडून हवं असतं ते क्षयापासून न्यूमोनियापर्यंतच्या रोगांवरचं औषध. प्रतिजैविकांची गोष्ट सांगताना आपण मातीची चिमूट आणि शास्त्रज्ञाची तीक्ष्ण नजर यांच्यापाशीच थांबतो. माझ्या मते त्या गोष्टीचा निम्मा भाग या आंबोणाचा आहे. जिवाणूला काय बनवता येतं हे त्याची जनुकं ठरवतात. पण तो ते बनवायला घेईल का, केव्हा घेईल आणि किती बनवेल, हे त्याला काय खायला मिळतं आणि ते किती सावकाश मिळतं यावर अवलंबून असतं. वनस्पतींचे हळूहळू पचणारे अवशेष कारखान्यात आले ते स्वस्त म्हणून खरे, पण टिकले ते या जिवाणूच्या स्वभावाशी त्यांचं जमलं म्हणून.

तो स्वभाव समजून घेण्यासाठी आधी मातीत उतरायला हवं. उपचारात वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक प्रतिजैविकांपैकी सुमारे दोन तृतीयांश एकाच घराण्याच्या जिवाणूंकडून आली आहेत. त्या घराण्याचं नाव स्ट्रेप्टोमायसीस. वळवाचा पाऊस पडल्यावर जो मातकट वास येतो, तो ज्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो ते प्रामुख्यानं हेच जिवाणू तयार करतात. म्हणजे नावानं नाही तरी वासानं ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. इतर बहुतेक जिवाणू सुट्या पेशींचे असतात. हे मात्र बुरशीसारखं धाग्यांचं जाळं विणून एका जागी ठाण मांडतात. पाचोळा, कुजणारं काड, मेलेल्या किड्यांची कवचं, असलं चिवट खाद्य त्यांच्या वाट्याला येतं. सेल्युलोज आणि कायटिन यांसारखे पदार्थ सरळ गिळता येत नाहीत, म्हणून हे जिवाणू आपली विकरं बाहेर सोडतात, ते पदार्थ अंगणातच फोडतात आणि त्यातून सुटणारी साखर थोडी थोडी आत घेतात. आजूबाजूचं अन्न संपलं तर उठून दुसरीकडे जायची सोय त्यांना नाही. मग वसाहत एक कठोर निर्णय घेते. जमिनीतले स्वतःचेच जुने धागे ती मोडते, त्यातून मिळालेल्या मालमसाल्यावर हवेत उभे राहणारे नवे धागे वाढवते आणि त्यांच्या टोकांना बीजाणू धरते. स्वतःला मोडण्याचा हा काळ सगळ्यांत धोक्याचा असतो, कारण फुटलेल्या पेशींतला रस शेजाऱ्यांना आयतं जेवण असतो. प्रतिजैविकं तयार होतात ती साधारण याच सुमाराला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मातीत ही द्रव्यं फार थोड्या प्रमाणात असतात. तेवढ्यानं शत्रू मरतो असं कशावरून? काही संशोधकांच्या मते ती शेजाऱ्यांना दिलेली खूण असते, हत्यार नव्हे. वाद खरा आहे आणि दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. मात्र आपल्या मुद्द्याला त्यानं बाधा येत नाही. हत्यार असो की खूण, ती बाहेर काढायची वेळ ठरते अन्नाच्या स्थितीवरून, आणि त्याचा चांगला पुरावा २००८ मध्ये स्ट्रेप्टोमायसीस कोलायकलर या जिवाणूवरच्या कामातून पुढे आला. अॅसिटिल-ग्लुकोसामाइन नावाचा साखरेचा एक तुकडा जिवाणूच्या स्वतःच्या पेशीभित्तिकेत असतो. अन्नाची टंचाई असताना हा तुकडा मिळाला की जिवाणू तो निरोप ‘घर मोडायला लागलं आहे’ असा घेतो आणि प्रतिजैविक बनवायला लागतो. भोवती भरपूर अन्न असताना तोच तुकडा मिळाला तर उलट घडतं; वाढ चालू राहते, प्रतिजैविक बंद राहतं. द्रव्य एकच, पण भरल्या पोटी त्याचा अर्थ वेगळा आणि रिकाम्या पोटी वेगळा. आपल्या भोवती काय उरलं आहे याचा हिशेब हा जीव इतक्या बारकाईनं ठेवतो.

आता कारखानदाराची अडचण दिसू लागते. जिवाणूला अगदी उपाशी ठेवलं तर धाग्यांचं जाळंच वाढत नाही, मग औषध कोण बनवणार? भरपेट ग्लुकोज दिलं तर जाळं झपाट्यानं वाढतं, पण बऱ्याच जातींत औषध बनवणारी यंत्रणा दबून राहते. अमोनियासारखा झटपट मिळणारा नायट्रोजन आणि मोकळा फॉस्फेट यांचंही तेच. स्ट्रेप्टोमायसिनच्या बाबतीत तर फॉस्फेट जास्त झाला की उत्पादन लगेच घसरतं. म्हणजे हवी असते ती एक मधली अवस्था, दिवसेंदिवस चालणारी अर्धपोटी स्थिती. पेंड ही अवस्था आपसूक निर्माण करते. तिच्यातली प्रथिनं मोठी आणि गुंतलेली असतात, ती फोडायला जिवाणूला वेळ लागतो, आणि फुटतात तेवढाच नायट्रोजन हाती येतो. बियांमधला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो, तोही एकदम मोकळा होत नाही. पिठाचा प्रत्येक कण जणू कुलूपबंद कोठार असतो आणि त्यातून दाणा दाणा सुटत राहतो. मातीत पाचोळा जे करतो, तेच टाकीत पेंड करते.

हे सगळं आधी समजलं आणि मग पेंड वापरली गेली, असं झालं नाही. क्रम उलटा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जुलै १९४१ मध्ये, ऑक्सफर्डचे हॉवर्ड फ्लोरी आणि नॉर्मन हीटली पेनिसिलिनचं काम घेऊन अमेरिकेत गेले. त्यांना इलिनॉय राज्यातल्या पिओरिया इथल्या सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवण्यात आलं. शेतमालाच्या शिल्लक भागाचं काय करायचं याचा शोध घेण्यासाठीच ती प्रयोगशाळा उभारलेली होती, आणि मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं भिजवणीचं पाणी हा तिथला नेहमीचा विषय होता. अँड्र्यू मॉयर यांनी तेच पाणी पेनिसिलिनच्या बुरशीला दिलं आणि साध्या साखरेऐवजी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, वापरली. उत्पादन दसपटीहून जास्त वाढलं. पेनिसिलिन बनवणारी बुरशी आहे, जिवाणू नव्हे. तरी धडा तोच, कारण लॅक्टोज त्या बुरशीला सावकाश पचतं. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९४३ मध्ये, न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात सेल्मन वॅक्समन यांचा २३ वर्षांचा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ यानं भरपूर खत घातलेल्या शेतमातीतून स्ट्रेप्टोमायसीस ग्रीसियस वेगळा केला. त्यातून मिळालेलं स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावर चालणारं पहिलं प्रतिजैविक. सुरुवातीला त्या जिवाणूला मांसाचा अर्क आणि पेप्टोन देत असत. १९४६ मध्ये स्क्विब संस्थेतल्या रेक आणि डोनोविक यांनी सोयाबीनचं पीठ, ग्लुकोज आणि मीठ एवढ्यावर तो उत्तम औषध देतो हे दाखवलं. वॅक्समन यांना १९५२ मध्ये नोबेल मिळालं. त्यातून शॅट्झला वगळल्याच्या अन्यायाची चर्चा अजून होते आणि ती व्हायलाच हवी. पण प्रयोगशाळेतलं औषध कारखान्यात नेण्याच्या वाटेवर ज्यांनी सोयाबीनचं पीठ आणलं, त्यांची नावं जवळपास कुणालाच ठाऊक नाहीत.

टाकीतली रोजची कामंही विरजण लावणाऱ्याला ओळखीची वाटावीत अशी आहेत. बीजाणूंपासून आधी काचेच्या चंबूत थोडा वाण वाढवायचा, तो लहान टाकीत, तिथून मधल्या आणि शेवटी मोठ्या टाकीत. प्रत्येक पायरीवर आधीचं विरजण पुढच्याला. त्याआधी पेंडीचं सगळं मिश्रण १२१ अंशांच्या वाफेनं निर्जंतुक करायचं, कारण या सावकाश वाढणाऱ्या जिवाणूला कुठलाही उपटसुंभ जंतू सहज मागे टाकतो. तापमान २८ अंशांच्या आसपास, आणि हवा सतत. धाग्यांच्या वाढीनं द्रव लापशीसारखा घट्ट होतो. त्यात प्राणवायू मुरवणं हे या धंद्यातलं एक मोठं खर्चिक काम. पेंडीतल्या प्रथिनांमुळे फेस चढतो, तो बसवायला तेल सोडतात, आणि जिवाणू ते तेलही खातो. फेस मारणारं तेलच आंबोणाचा भाग होतं, ही मला या प्रक्रियेतली सुंदर गोष्ट वाटते. काही दिवसांनी गाळणी होते, आणि गाळलेल्या द्रवातून औषध वेगळं करतात.

इथे माझ्या युक्तिवादाला पहिला खरा धक्का बसतो, आणि तो पेनिसिलिनच्याच इतिहासातून येतो. पुढे कारखान्यांनी महाग लॅक्टोज सोडून दिलं आणि स्वस्त ग्लुकोज घेतलं, फक्त ते एकदम न ओतता संथ धारेनं सोडू लागले. उत्पादन घटलं नाही. म्हणजे महत्त्व वेगाला आहे, वनस्पतीला नाही. नळाची चावी नीट फिरवता आली तर शुद्ध साखरेवरही काम भागतं. हे मान्य करायला हवं, आणि ते मान्य केल्यानं मूळ म्हणणं पक्कंच होतं: औषध मिळतं ते अर्धपोटी अवस्थेतून. पण अवस्था चावीनं आणता येते म्हणून पेंड निरुपयोगी ठरत नाही. संथ धारेच्या टाकीतही नायट्रोजनसाठी मक्याचं पाणी किंवा सोयापीठ राहतंच. त्यातून लोह, जस्त, जीवनसत्त्वं अशी चिल्लर गरजही भागते. एकेक शुद्ध रसायन विकत घेऊन ती भागवायची तर औषधाचा भाव वाढेल. उलट पेंडीचा दोषही लपवण्याजोगा नाही. एका हंगामातलं सोयाबीन दुसऱ्यासारखं नसतं. तेल कसं काढलं, पेंड किती भाजली गेली यावर प्रथिनं किती सहज फुटतील ते ठरतं, म्हणून एका खेपेत भरघोस औषध देणारा जिवाणू दुसऱ्या खेपेत हात आखडता घेतो. कारखाने प्रत्येक नवी खेप आधी छोट्या चंबूत तपासतात, आणि सरकीचं पीठ तर ‘फार्मामीडिया’ या नावानं खास या कामासाठी एकसारखं दळून विकलं जातं.

दुसरा आक्षेप रसायनशास्त्राकडून येतो. रेणूची रचना कळली की तो कारखान्यात रासायनिक पद्धतीनं जुळवता येईल, मग हा चिकट पसारा कशाला? क्लोरॅम्फेनिकॉलच्या बाबतीत हे खरं ठरलं. ते १९४७ मध्ये व्हेनेझुएलाच्या मातीतल्या जिवाणूकडून मिळालं, रेणू साधा निघाला, १९४९ मध्ये रासायनिक कृती तयार झाली आणि टाक्यांची गरज संपली. पण तसा रेणू अपवाद आहे. एरिथ्रोमायसिन पाहा. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या मातीचा नमुना १९४९ मध्ये अबेलार्दो अगिलार या डॉक्टरनं एली लिली कंपनीकडे पाठवला आणि १९५२ मध्ये औषध बाजारात आलं. त्याच्या रेणूत अशी १८ ठिकाणं आहेत जिथे अणूंची मांडणी डावी किंवा उजवी होऊ शकते, आणि प्रत्येक ठिकाणी योग्यच हवी. रॉबर्ट वुडवर्ड यांच्या गटानं तो रेणू प्रयोगशाळेत जुळवला, त्याचे निबंध वुडवर्ड यांच्या मृत्यूनंतर १९८१ मध्ये छापून आले. विसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राचं ते एक शिखर आहे, पण त्या वाटेनं औषध बनवून विकणं परवडणार नाही. जिवाणू तेच काम तीन कार्बनच्या सात तुकड्यांची साखळी ओवून आणि तिची कडी बंद करून करतो, आणि ते तुकडे त्याला त्याच्या खाण्यातून मिळतात. म्हणून एरिथ्रोमायसिनच्या टाकीत सोयापेंडीबरोबर तेल सोडतात आणि प्रोपेनॉलसारखं तीन कार्बनचं द्रव्यही देतात. घशाच्या दुखण्यावर घरोघरी घेतली जाणारी अझिथ्रोमायसिनची गोळी याच एरिथ्रोमायसिनमध्ये रासायनिक बदल करून होते. क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिनही तसंच, आधी जिवाणूकडून रिफामायसिन घ्यायचं आणि मग त्याला घडवायचं. २००१ मध्ये चैतन खोसला यांच्या गटानं एरिथ्रोमायसिनची मूळ कडी ई. कोलाय या वेगानं वाढणाऱ्या जिवाणूकडून करवून घेतली. जनुकं सगळी बसवली होती, तरी त्यालाही बाहेरून प्रोपिओनेट खाऊ घालावं लागलं. खाण्याचा प्रश्न तिथेही सुटला नाही.

आपल्याकडे या विद्येचं घर पिंपरीत आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४ मध्ये तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, आधी पेनिसिलिनसाठी आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठीही. त्याच्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाला मातीत एक स्ट्रेप्टोमायसीस मिळाला; त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. त्याच्यापासून मिळालेलं हॅमायसिन हे बुरशीच्या रोगांवरचं औषध. बुरशीच्या पेशींच्या पडद्यात जे स्टेरॉल असतं त्याला ते चिकटतं आणि पडदा गळका करतं. याच संशोधन विभागातून पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंगिनही आलं. एका जिवाणूच्या शास्त्रीय नावात पुण्याजवळचं एक गाव कायमचं कोरलं गेलं आहे, हे शाळेत मुलांना सांगण्याजोगं आहे.

पेंड आणि माती एवढ्यावर औषध होत असेल तर शेतावरच का करू नये, असा विचार मनात येणं साहजिक आहे. कोंड्यावर किंवा पेंडीवर ओलसर स्थितीत हे जिवाणू वाढवण्याचे प्रयोग झालेही आहेत आणि त्यात प्रतिजैविक तयार होतं. पण खड्ड्यात किंवा पिंपात हे करू नये, आणि त्याचं कारण वॅक्समन यांच्याच प्रयोगशाळेत सापडतं. स्ट्रेप्टोमायसिनच्या आधी, १९४० मध्ये, तिथे अॅक्टिनोमायसिन मिळालं. जंतू मारण्यात ते जबरदस्त होतं, आणि ज्या प्राण्यांना दिलं तेही मेले. १९४२ मधलं स्ट्रेप्टोथ्रिसिन आधी निर्धोक वाटलं, पण त्याचा विषारी परिणाम काही काळानं उघड झाला. हेही मातीतल्या याच कुळातल्या जिवाणूंचे पदार्थ. एकाच वसाहतीच्या रसात औषध आणि विष शेजारी शेजारी असू शकतात, आणि वासावरून, रंगावरून ते ओळखता येत नाहीत. शुद्धीकरण, मोजमाप आणि प्राण्यांवरच्या चाचण्या यांच्यावाचून तो रस औषध होत नाही. शिवाय कमीजास्त मात्रेचा असा रस पोटात किंवा शेतात गेला तर प्रतिकार शिकलेले जंतू वाढतात.

तसं प्रत्यक्षात घडलेलंही आहे, आणि ते आंबोणाच्याच वाटेनं घडलं. मिसुरी विद्यापीठाच्या शेतातल्या मातीतून बेंजामिन डगर यांनी स्ट्रेप्टोमायसीस ऑरिओफेशियन्स मिळवला आणि १९४८ मध्ये क्लोरटेट्रासायक्लिन जाहीर झालं. हे काम झालं लेडर्ली कंपनीत, जिथे संशोधनाची धुरा आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. त्याच कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड कोंबड्यांच्या खाद्यासाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. त्यांनी टाकीतला उरलेला चोथा पिलांना घातला. पिलं बी-१२ नं वाढावीत त्याहून जास्त वाढली, आणि त्याचं कारण निघालं चोथ्यात शिल्लक राहिलेलं प्रतिजैविक. पेंड जिवाणूला, जिवाणूचा चोथा कोंबडीला, असं वर्तुळ पुरं झालं आणि जगभर जनावरांच्या खाद्यात प्रतिजैविकं मिसळली जाऊ लागली. प्रतिकार शिकलेल्या जंतूंच्या याच धोक्यामुळे युरोपीय संघानं वाढीसाठीचा हा वापर २००६ पासून पूर्ण बंद केला. मातीतल्याच दुसऱ्या एका जिवाणूपासून मिळणारं कॉलिस्टिन हे अनेक रुग्णांसाठी अखेरचं औषध असतं. ते कोंबड्या आणि जनावरांना देण्यावर भारतात बंदी आली ती २०१९ मध्ये. इतक्या उशिरा आली याचं दुःख करावं तेवढं थोडं आहे. टाकीत जिवाणूला काय द्यायचं याचा काटेकोर विचार आपण केला, पण टाकीतून उरलेलं कुणाला घालायचं याचा केला नाही.

आणि ज्या जिवाणूंना आपण ओळखतो, त्यांना तरी आपण पुरतं जेवू घातलं आहे का? २००२ मध्ये स्ट्रेप्टोमायसीस कोलायकलरचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात ७,८२५ जनुकं होती, आणि प्रतिजैविकांसारखी द्रव्यं बनवणारे २० हून अधिक समूह. कित्येक दशकं अभ्यासलेल्या या जिवाणूकडून तोवर त्यातली मोजकीच द्रव्यं हाती आली होती. बाकीचे समूह प्रयोगशाळेच्या सपक जेवणावर झोपून राहिले होते. त्याच वर्षी जर्मन संशोधकांनी दाखवलं की अन्न, हवा आणि भांडं असे साधे बदल करत गेलं तर एकाच सूक्ष्मजीवाकडून २० पर्यंत वेगवेगळी द्रव्यं मिळतात. म्हणून या घराण्याच्या जिवाणूंसोबत काम करणाऱ्या प्रयोगशाळांच्या फडताळात आजही किराणा दुकानात शोभेल असा माल असतो: ओटचं पीठ, सोयाबीनचं पीठ, स्टार्च. एकाच वाणाची बीजं एका ताटलीत ओटवर, दुसरीत सोयावर, तिसरीत स्टार्चवर पेरतात, झाकणं लावतात आणि धागे करडे होऊन बीजाणू धरेपर्यंत, आठवडाभर, वाट पाहतात.